विश्लेषण : डोळ्यातील सूज ओसरली, रिपोर्टचा आकडाही उतरला, मग नजर का परतत नाही?

डोळ्यातील शीर तुंबली, पडद्यावर सूज आली, इंजेक्शने झाली आणि सूज उतरली. ओसीटी रिपोर्टवर सहाशेच्या घरात असलेला आकडा अडीचशेच्या खाली आला. घरच्यांना हायसे वाटले, पण रुग्ण मात्र म्हणतो की अक्षरे अजून तुटकच दिसतात. काही जण तर आकडा ‘नॉर्मल’ झाला म्हणून पुढचे इंजेक्शन परस्पर थांबवतात. ‘रेटिनल व्हेन ऑक्लुजन’ या आजारात उपचारांनंतर पडदा पातळ होणे हे बरे झाल्याचे लक्षण की झिजेचे? आणि त्यात इंजेक्शनचा दोष किती?

शीर तुंबते म्हणजे नेमके काय होते?

डोळ्याच्या मागच्या बाजूला आतून अस्तरासारखा बसलेला, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचा पडदा म्हणजे रेटिना, मराठीत दृष्टिपटल. धमनी त्याला रक्त आणून देते आणि शीर ते परत नेते. पडद्यावर जिथे धमनी शिरेला ओलांडून जाते, तिथे दोघींभोवती एकच वेष्टन असते. वर्षानुवर्षांच्या रक्तदाबाने कडक झालेली धमनी तिथे मऊ शिरेला दाबते, प्रवाह मंदावतो आणि गुठळी धरते. हे एखाद्या शाखेत घडले तर पडद्याचा तेवढाच भाग बाधित होतो. मुख्य शीर डोळ्यातून बाहेर पडताना दृष्टिमज्जेच्या तोंडाशी तुंबली तर सगळा पडदा सापडतो.

पुढची वाट बंद झाली की रक्त मागे साचते, बारीक केशवाहिन्यांवर दाब येतो आणि त्यांतून रक्त व पाणी झिरपू लागते. त्यातच प्राणवायू कमी पडलेल्या पेशी ‘व्हीईजीएफ’ नावाचे प्रथिन मोठ्या प्रमाणात सोडतात. ते वाहिन्या आणखी गळक्या करते. हे पाणी पडद्याच्या मध्यभागी, म्हणजे ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो, सुईत दोरा ओवतो त्या मॅक्युलामध्ये साचले की नजर धूसर होते. दुखत काहीच नाही. दुसरा डोळा चांगला असेल तर तो काम भागवून नेतो, आणि म्हणूनच अनेकांना हे आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, सहज एक डोळा चोळताना कळते.

हा आजार दुर्मीळ नाही. पडद्याच्या रक्तवाहिन्यांच्या विकारांत मधुमेहाच्या रेटिनोपॅथीनंतर याचाच क्रमांक लागतो. २०१५ सालासाठीच्या एका जागतिक अंदाजानुसार ३० ते ८९ वयोगटातील सुमारे २ कोटी ८० लाख लोकांना तो होता. नागपूर परिसरातील खेड्यांत झालेल्या ‘सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी’मध्येही तिशीपुढच्या ग्रामस्थांत तो आढळला. प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी, म्हणजे जगाच्या सरासरीच्या आसपासच होते. हा केवळ शहरी आजार आहे, अशी समजूत असेल तर ती सोडलेली बरी.

रिपोर्टवरचा तो आकडा काय सांगतो?

ओसीटी हे तंत्र १९९१ मध्ये जगासमोर आले. प्रकाशाच्या साह्याने पडद्याचा उभा छेद दाखवणारी ही तपासणी आता जिल्ह्याच्या ठिकाणीही होते. रिपोर्टवर रुग्णाची नजर जाते ती एका आकड्यावर. तो असतो मॅक्युलाच्या मधोमध एक मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळातील पडद्याची सरासरी जाडी. निरोगी डोळ्यात ती आजच्या बहुतेक यंत्रांवर साधारण २५० ते २८० मायक्रॉन भरते. सूज असताना तीच ५००, ६००, कधी त्याहून वर जाते. नकाशात सुजलेला भाग लाल-पांढरा दिसतो आणि पातळ भाग निळा.

इथेच एक खोच आहे. हा आकडा यंत्रागणिक बदलतो, कारण प्रत्येक यंत्र पडद्याची खालची सीमा थोडी वेगळी धरते. जुन्या पिढीच्या यंत्रांवर निरोगी डोळाही दोनशेच्या आसपास दाखवला जाई. मागच्या महिन्यात एका केंद्रावर आणि या महिन्यात दुसऱ्या केंद्रावर तपासणी केली आणि जाडी वीस-पंचवीस मायक्रॉनने ‘घटली’, तर पडद्याला प्रत्यक्षात काहीच झालेले नसू शकते. काहींचा पडदा जन्मतःच थोडा पातळ असतो. जाड मायनस नंबर असणाऱ्यांतही जाडीचे गणित निराळे असते. त्यामुळे तुलना करायची ती त्याच माणसाच्या दुसऱ्या, चांगल्या डोळ्याशी आणि त्याच यंत्रावरच्या जुन्या छापील प्रतीशी.

सूज उतरल्यावर पडदा पातळ का निघतो?

महापूर ओसरला म्हणजे पीक वाचले असे होत नाही. पाणी गेल्यावरच कळते की कुठली माती वाहून गेली. पडद्याचेही तसेच आहे. सूज असेपर्यंत जाडीचा मोठा आकडा हा पाण्याचा असतो आणि त्याखाली पेशी किती उरल्यात हे झाकलेले असते. इंजेक्शनने पाणी ओसरले की जे शिल्लक आहे तेवढेच मोजले जाते.

पडद्याला दोन बाजूंनी रक्त मिळते. आतल्या थरांना ते पडद्यावरच्या वाहिन्यांकडून मिळते, तर प्रकाश टिपणाऱ्या बाहेरच्या थराला मुख्यतः मागच्या कोरॉइड या वाहिन्यांच्या जाळीकडून. शीर तुंबते तेव्हा पहिला फटका आतल्या थरांना बसतो. काही ठिकाणी केशवाहिन्या कायमच्या बंद पडतात. प्रकाशाचा संदेश पुढे नेणाऱ्या तिथल्या चेतापेशी मरतात आणि त्यांची जागा भरून येत नाही. काही आठवड्यांत, महिन्यांत तो भाग चपटा होतो. ओसीटीच्या छेदात एरवी पापुद्र्यांसारखे वेगवेगळे दिसणारे आतले थर एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात. डॉक्टर याला ‘ड्रिल’ म्हणतात आणि नजर किती परतेल याचा अंदाज बांधताना त्याकडे आवर्जून पाहतात. सूज फार काळ टिकली तर बाहेरच्या थरालाही झळ पोहोचते. छेदात दिसणारी ‘एलिप्सॉइड झोन’ नावाची ठळक रेघ तुटक झाली की प्रकाशपेशी कमी झाल्या असे समजतात.

म्हणजे ‘पातळ होणे’ या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. सहाशेवरून दोनशे साठवर येणे ही सूज उतरणे आहे आणि ती हवीच असते. दोनशे साठच्याही खाली, दुसऱ्या डोळ्यापेक्षा स्पष्टपणे पातळ होणे ही बहुतेक वेळा झीज असते. रिपोर्टवर दोन्ही एकाच दिशेने उतरताना दिसतात, त्यामुळे रुग्णाला दोन्ही चांगलीच बातमी वाटते.

ही झीज इंजेक्शनमुळे होते का?

रुग्णांचा हा सर्वात सामान्य संशय आहे आणि तो अगदीच निराधार नाही. व्हीईजीएफ हे प्रथिन फक्त उपद्रवी नाही. निरोगी डोळ्यात ते वाहिन्यांना आणि चेतापेशींना आधार देते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. मग ते महिनोन्‌महिने दाबून ठेवले तर पेशी उपाशी राहतील का, हा प्रश्न संशोधकांनीच विचारला. वयोमानाने होणाऱ्या मॅक्युलाच्या विकारात, अमेरिकेतील ‘कॅट’ या मोठ्या चाचणीत, गरजेनुसार इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा दरमहा घेणाऱ्यांमध्ये पडद्याच्या विशिष्ट प्रकारच्या झिजेचे प्रमाण जास्त आढळले होते. पण तो आजार वेगळा आहे. त्यात बाहेरच्या थराची झीज मुळातच होत असते.

शीर तुंबण्याच्या आजारात पुरावा दुसरीकडे बोट दाखवतो. पातळपणा येतो तो बहुधा ज्या भागाचा रक्तपुरवठा तुटला त्याच भागात. शाखा तुंबलेल्या डोळ्यात वरचा अर्धा भाग झिजतो आणि खालचा शाबूत राहतो. इंजेक्शनचे औषध मात्र डोळ्याच्या पोकळीत सर्वत्र पसरते. ते दोषी असते तर झीजही सगळीकडे सारखी दिसली असती. शिवाय इंजेक्शने येण्याच्या कितीतरी आधीपासून, उपचारच न झालेल्या जुन्या रुग्णांतही असा चपटा पडदा डॉक्टर पाहत आले आहेत. त्यामुळे झिजेच्या भीतीने इंजेक्शन नाकारणे हा तोट्याचा व्यवहार ठरतो.

मात्र दुसरी बाजूही सांगायला हवी. इंजेक्शन तुंबलेली शीर उघडत नाही. ते गळती थांबवते, म्हणजे छत गळत असताना खालचे पाणी उपसत राहण्यासारखे. मेलेल्या पेशी ते परत आणत नाही. ही गोष्ट पहिल्या भेटीतच स्पष्ट सांगितली गेली, तर नंतरचे बरेच गैरसमज टळतील.

सूज उतरली तरी नजर परततेच का?

याचे उत्तर तीस वर्षांपूर्वीच मिळाले होते, पण ते फारसे लोकांपर्यंत पोहोचले नाही. मुख्य शीर तुंबलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या चाचणीचा १९९५ मधील अहवाल सांगतो की, मॅक्युलावर लेझर दिल्याने सूज कमी झाली, पण नजर सुधारली नाही. पडदा कोरडा झाला, चित्र चांगले आले, रुग्णाला मात्र फरक पडला नाही. (शाखा तुंबलेल्यांत लेझरचा थोडा उपयोग होतो, हे १९८४ मध्येच दिसले होते.)

त्यानंतर रॅनिबिझुमॅब या इंजेक्शनच्या दोन चाचण्या झाल्या. शाखा तुंबलेल्यांसाठी ‘ब्राव्हो’ आणि मुख्य शीर तुंबलेल्यांसाठी ‘क्रूझ’. त्यांच्या आधारे २०१० मध्ये अमेरिकेत या औषधाला या आजारासाठी मान्यता मिळाली. क्रूझमध्ये सहा महिने दरमहा औषध मिळालेल्यांची नजर तक्त्यावर सरासरी १३ ते १५ अक्षरांनी सुधारली. ज्यांना टोचल्याचा केवळ आभास दिला, त्यांची जेमतेम एका अक्षराने. या तक्त्यावर पाच अक्षरांची एक ओळ असते, म्हणजे हा फरक जवळपास तीन ओळींचा.

खरी शिकवण पुढच्या सहा महिन्यांत आहे. आभासी गटालाही आता खरे औषध गरजेनुसार सुरू झाले. वर्षाअखेरीस त्यांच्या पडद्याची सूज पहिल्या गटाइतकीच उतरली. जाडीच्या आकड्यात दोन्ही गट जवळपास सारखे. पण नजर? सुरुवातीपासून औषध मिळालेल्यांची सरासरी सुमारे १४ अक्षरांनी वाढलेली, उशिरा मिळालेल्यांची ७ अक्षरांनी. ब्राव्होमध्येही अशीच तफावत राहिली, फक्त ती कमी होती: १६ ते १८ अक्षरे विरुद्ध १२. शाखा तुंबलेल्यांत काही डोळे आपोआपही बरेच सावरतात, हे त्याचे एक कारण.

जाडी सारखी, नजर निम्मी. मधल्या सहा महिन्यांत सुजेखाली जे गेले ते ओसीटीच्या त्या एका आकड्यात दिसत नाही. उशीर म्हणजे काय, याचे इतके स्पष्ट मोजमाप वैद्यकात क्वचितच मिळते.

याच चाचण्यांतील रुग्णांचा पुढे पाठपुरावा झाला, तेव्हा तपासणी दर महिन्याऐवजी तीन-तीन महिन्यांनी होऊ लागली. मुख्य शीर तुंबलेल्यांनी आधी कमावलेली नजर त्या काळात काही प्रमाणात गमावली. पडदा सुजणे, ओसरणे, पुन्हा सुजणे हे हेलकावे पेशींना मानवत नाहीत, असे इतर चाचण्यांच्या नोंदी तपासतानाही दिसले आहे.

६/९ नजर असूनही वाचता का येत नाही?

तक्त्यावरचे अक्षर ओळखायला पडद्याच्या अगदी मधला ठिपका पुरतो. तिथे आतले थर मुळातच बाजूला सरकलेले असतात, असतात त्या मुख्यतः प्रकाशपेशी. आतल्या थरांची झीज होते ती या ठिपक्याच्या भोवती. त्यामुळे एकेक अक्षर नीट ओळखता येते, पण सलग वाचन अडते, कारण पुढचा शब्द किंवा खालची ओळ अंध डागात जाते. वरच्या बाहेरील बाजूची शाखा तुंबण्याचे प्रमाण सर्वाधिक आहे आणि पडद्यावर प्रतिमा उलटी पडत असल्याने डाग दिसतो तो खाली. पायऱ्या उतरताना पाऊल चुकणे, ताटातली वाटी न दिसणे, वर्तमानपत्राची ओळ संपवून पुढच्या ओळीवर येताना अडखळणे, या तक्रारी अशा रुग्णांकडून येतात. तक्त्यावर ६/९ पाहून ‘आता तर छान आहे’ असे म्हटले, की रुग्ण गप्प बसतो.

शाखेच्या प्रकारात सरासरीचा आकडाही फसवा ठरू शकतो. वरचा अर्धा भाग अजून सुजलेला आणि त्यालगतचा काही भाग झिजलेला असेल, तर मधली सरासरी बरोबर ‘नॉर्मल’ भरते. म्हणून आकड्याऐवजी रंगीत नकाशा आणि मूळ छेद पाहणे महत्त्वाचे. केशवाहिन्या कुठे बंद आहेत हे डाय न टोचता दाखवणारी ओसीटी अँजिओग्राफी अनेक मोठ्या केंद्रांत आहे.

आणखी एक गुंता. या रुग्णांपैकी बऱ्याच जणांना काचबिंदूही असतो. काचबिंदूचे निदान चेतातंतूंच्या थराच्या पातळपणावरूनही होते. शीर तुंबल्यानंतर सुरुवातीला हा थर सुजेने जाड दिसतो आणि काचबिंदू लपतो. पुढे तो पातळ होतो आणि नसलेला काचबिंदू असल्यासारखा वाटतो. जुना रिपोर्ट हाताशी नसेल तर डॉक्टरही चाचपडतो.

पडदा कोरडा आणि पातळ झाला, आता धोका टळला का?

नाही. पातळ, कोरडा, पण रक्तपुरवठा तुटलेला पडदा प्राणवायूसाठी हाका मारतच राहतो. त्यातून बुबुळावर आणि पडद्यावर नव्या, कमकुवत वाहिन्या फुटू शकतात. मुख्य शीर गंभीररीत्या तुंबल्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी डोळ्याचा दाब भयंकर वाढू शकतो, म्हणून डॉक्टर त्याला ‘शंभर दिवसांचा काचबिंदू’ म्हणत आले आहेत. त्यात डोळा दुखतो, लाल होतो आणि उरलीसुरली नजरही जाते. इंजेक्शने या वाहिन्या दाबून ठेवतात, पण कायमच्या नाही. औषध थांबले की हे संकट पुढे ढकललेले होते एवढेच कळते. इंजेक्शने बंद झाल्यावरही तपासणी सुरू ठेवायची ती यासाठी. गरज पडल्यास पडद्याच्या कडेला लेझर देतात.

भारतात उपचार कुठे अडतात?

औषधांची कमतरता आता मोठी अडचण उरलेली नाही. २०१५ मध्ये रॅनिबिझुमॅबची देशी बायोसिमिलर आवृत्ती भारतात मंजूर झाली, आणि जगात या औषधाची ती पहिलीच. मूळ कर्करोगासाठी असलेले बेव्हॅसिझुमॅब लहान मात्रेत विभागून वापरले जाते, ते सर्वात स्वस्त पडते. अमेरिकेतील ‘स्कोअर २’ चाचणीत ३६२ रुग्णांमध्ये सहा महिन्यांनी ते महागड्या अफ्लिबरसेप्टच्या तोडीस तोड ठरले. ब्रिटनमधील ‘लीव्हो’ चाचणीत मात्र सुमारे दोन वर्षांनंतर तशी खात्री देता आली नाही. विभागणी करताना निर्जंतुकपणा सांभाळणे हा त्याचा कच्चा दुवा. गुजरातमधील दुष्परिणामांच्या घटनेनंतर जानेवारी २०१६ मध्ये औषध महानियंत्रकांनी डोळ्यातील वापराविरुद्ध इशारा दिला होता, तो त्याच वर्षी मागे घेतला गेला. फॅरिसिमॅब या नव्या औषधाला अमेरिकेत या आजारासाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, तर अफ्लिबरसेप्टच्या बायोसिमिलरना मे २०२४ मध्ये. त्यांतील एक बंगळूरुच्या बायोकॉनची आहे. डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची डोळ्यात ठेवायची कांडीही आहे. फेऱ्या कमी होतात, पण डोळ्याचा दाब आणि मोतीबिंदू यांवर लक्ष ठेवावे लागते.

अडते ते फेऱ्यांमध्ये. तालुक्याहून दर महिन्याला पुणे, नागपूर किंवा मुंबई गाठायची, सोबत कुणाला तरी रजा काढायला लावायची, आणि हे वर्षभर. तिसऱ्या-चौथ्या इंजेक्शनला आकडा नॉर्मल आला की थांबण्याचा मोह साहजिक आहे. विम्याबाबत एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. विमा नियामक इर्डाने २०१९ मध्ये ज्या आधुनिक उपचारांना विम्यातून वगळता येणार नाही असे सांगितले, त्यांत डोळ्यात टोचायच्या इंजेक्शनचा नावानिशी समावेश आहे. कंपन्या रकमेवर मर्यादा घालू शकतात, पण ‘रुग्णालयात रात्र काढली नाही’ एवढ्याच कारणावर दावा नाकारला गेला, तर तक्रारीला जागा आहे.

रुग्णाने डॉक्टरांना काय विचारावे?

‘जाडी किती?’ हा प्रश्न पुरेसा नाही. आतले थर शाबूत आहेत का, बाहेरची रेघ सलग आहे का, रक्तपुरवठा नसलेला भाग किती मोठा आहे, आणि दुसऱ्या डोळ्याच्या तुलनेत हा पडदा कसा आहे, हे विचारावे. शेवटच्या इंजेक्शननंतर पुढची तपासणी किती आठवड्यांनी, हे लिहून घ्यावे. ओसीटीचे सगळे जुने प्रिंट एका फाइलमध्ये ठेवावेत, मोबाइलमधला एक फोटो पुरत नाही. घरी आठवड्यातून एकदा एकेक डोळा झाकून दरवाजाची चौकट किंवा चौकटींचे पान पाहावे. रेघ वाकडी किंवा तुटलेली दिसली तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये.

रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल यांची तपासणी याच आठवड्यात व्हावी. डोळ्यातली शीर तुंबणे ही पुष्कळदा बेसावध रक्तदाबाची पहिली ओळख असते. तरुण वयात हे घडले तर होमोसिस्टीन आणि बी-१२ चीही चौकशी करतात. एका डोळ्यात झाले त्याला दुसऱ्या डोळ्यातही होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, आणि त्या दुसऱ्या डोळ्याला अजून एकही इंजेक्शन लागलेले नसते.